रणगाड्याचं प्लास्टिक किट पारखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट म्हणजे रणगाड्याचं छोटं मॉडेल जोडायचा सुट्या भागांचा संच. खालची बहुतेक उदाहरणं दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४ची आहेत. एक तर हा रणगाडा मी सगळ्यांत जास्त वेळा बांधलाय. आणि दुसरं म्हणजे, पारख शिकायला याच्याइतका फसवा रणगाडा नाही. लांबून सगळे सारखे वाटतात, जवळ गेलं की प्रत्येक कारखान्याची खोड वेगळी. जर्मन टायगर आणि अमेरिकन शर्मन गरजेपुरते येतील.

किट चांगलं की टाकाऊ, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

'चांगलं' या एका शब्दात लोक तीन गोष्टी कोंबतात. मूळ रणगाड्याशी आकार जुळतो का, भाग एकमेकांत नीट बसतात का, आणि बांधताना मजा येते की जीव मेटाकुटीला येतो. तिन्हींची उत्तरं एकाच किटमध्ये वेगवेगळी येऊ शकतात. आकाराने तंतोतंत पण बांधायला छळणारी किटं आहेत, आणि लोण्यासारखी जुळणारी पण टरेट (तोफेचा फिरता बुरूज) भलत्याच आकाराचा असलेलीही आहेत.

माझी रीत सोपी आहे: जे नंतर दुरुस्त होत नाही, ते आधी बघायचं. तोफेची नळी बदलता येते, ट्रॅक (चाकांवरचे साखळीपट्टे) बदलता येतात, डिकल, म्हणजे चिन्हांची चिकटचित्रं, तर कुठूनही मिळतात. पण धडाचा उतार चुकला, टरेटचा घेर चुकला किंवा चाकांची जागा चुकली, तर पुटी आणि पॉलिश पेपर घेऊन कितीही बसा, तो रणगाडा ओळखीचा होत नाही. म्हणून धड, टरेट, चाकं, मग जुळणी, आणि बाकी सगळं त्यानंतर.

खोक्यावर 'टी-३४/७६' असं स्पष्ट लिहिलंय. एवढं पुरेसं नाही का?

नाही. तो नुसता आडनावाचा भाग झाला.

टी-३४ एका ठिकाणी बनत नव्हता. खारकोव्हचा १८३ क्रमांकाचा कारखाना १९४१च्या शरद ऋतूत उचलून उरलमधल्या निझ्नी तागीलला नेला. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात १९४२मध्ये लढाई थेट दारात येईपर्यंत रणगाडे बाहेर पडत होते. गोर्कीमधला क्रास्नोये सोर्मोवो, चेल्याबिन्स्क, स्वेर्दलोव्स्कचा उरलमाश, ओम्स्क इथेही काम चालू होतं. आराखडा एकच, पण ज्याच्याकडे जी यंत्रं आणि जो कच्चा माल, तसा त्याचा रणगाडा.

स्टालिनग्राडच्या धडावर चिलखती पत्रे एकमेकांत खाचा घालून अडकवलेले दिसतात, इतरत्र बहुधा तिथे सरळ जोड असतो. उरलमाशने प्रेसवर दाबून टरेट काढले, त्यामुळे त्यांचे कोपरे गोलसर आणि अंग गुळगुळीत. 'गायका', म्हणजे नट, या टोपणनावाने ओळखला जाणारा षटकोनी टरेट १९४२चा, आणि त्यावर कमांडरची घुमटी बसली १९४३मध्ये. रबराची टंचाई झाली तेव्हा बाहेरून रबर नसलेली पोलादी चाकं आली. काही रणगाड्यांना पहिलं आणि पाचवं चाक रबराचं, मधली तीन पोलादी, अशी सरमिसळ दिसते.

आता किट उघडा आणि विचारा: हा कुठल्या कारखान्याचा, कुठल्या वर्षाचा? चांगलं किट खोक्यावर किंवा सूचनापत्रात हे सांगून टाकतं. ज्यात उरलमाशचा टरेट, स्टालिनग्राडचं धड आणि १९४१चे मडगार्ड एकत्र आलेत, ते किट साचा बनवणाऱ्याने फोटो बघून रचलंय, अभ्यास करून नाही. अर्थात दुरुस्तीच्या कारखान्यात खऱ्या रणगाड्यांचीही अशी मोडतोड-जोड व्हायची. पण ती तुमच्या हातात असलेल्या फोटोवरून सिद्ध करता आली पाहिजे. 'असंही असेल की' हा बचाव दर वेळी चालत नाही.

मापं कशी तपासायची? माझ्याकडे आराखडे नाहीत.

व्हर्नियर कॅलिपर आणि कॅलक्युलेटर असला की बरंच भागतं. ही किटं १/३५ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. म्हणून खरं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि ३५ने भागायचं.

टी-३४ची एकूण रुंदी ३.०० मीटर, म्हणजे १/३५मध्ये ८५.७ मिमी. रस्त्यावरच्या चाकाचा व्यास ८३० मिमी, म्हणजे २३.७. १९४२च्या ओतीव ट्रॅकची रुंदी ५०० मिमी, म्हणजे १४.३. तोफेचं तोंड ७६.२ मिमी, म्हणजे नळीचं भोक जेमतेम २.२ मिमी. टायगरचा लढाईचा ट्रॅक ७२५ मिमी रुंद, तो २०.७ यायला हवा. त्याचाच रेल्वेने नेतानाचा अरुंद ट्रॅक ५२० मिमी, म्हणजे १४.९.

कोन तपासायला तर काहीच भागायला लागत नाही, कारण स्केल बदललं तरी कोन तोच राहतो. टी-३४चा पुढचा पत्रा उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला आहे, म्हणजे जमिनीशी ३०. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक काढा, जाड कागदाचा ३० अंशांचा त्रिकोण कापा आणि किटच्या नाकाला टेकवून बघा. खाली किंवा वर उजेड दिसला तर रणगाड्याचा चेहराच चुकलाय. दोन मिनिटांचं काम, आणि यानेच मी एकदा एक देखणं किट परत खोक्यात ठेवलं होतं.

किती फरक चालवून घ्यावा?

अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेसतरा मिलिमीटर. धडाच्या लांबीत हे कुणाला दिसत नाही. चाकाच्या व्यासात दिसतं, कारण तिथे दहा चाकं ओळीने तीच चूक पुन्हा पुन्हा दाखवतात. मी धडाला एक मिलिमीटर माफ करतो, चाकाला पाव.

भाग जितके जास्त तितकं किट चांगलं, हे खरं ना?

जाहिरातीत खरं. बांधताना नाही.

एका हुकाचे पाच भाग केले म्हणून हूक जास्त खरा होत नाही, फक्त चुकायला पाच जागा होतात. भागांची संख्या कुठे खर्च केलीय ते बघा. टायगरची एकमेकांवर चढलेली चाकं वेगवेगळी दिली तर त्याला अर्थ आहे. मडगार्डचा कोपरा तीन तुकड्यांत दिला तर तो साचेवाल्याचा आळस किंवा हौस, त्याचं फळ तुम्हाला मिळत नाही.

सुट्या भागांच्या फ्रेमवर काय बघायचं?

खोकं उघडल्यावर फ्रेम खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. समोरून बघितलं तर काहीही दिसत नाही.

पहिली गोष्ट पापुद्रा. साच्याचे दोन अर्धे घट्ट बसले नाहीत की कडेने प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सुटतो. थोडा असेल तर ब्लेडने दोन मिनिटांत जातो. सगळ्या फ्रेमवर असेल तर साचा झिजलाय, म्हणजे बारीक रिव्हेटही बोथट झालेले असणार. दुसरी गोष्ट खळगे. प्लास्टिक जिथे जाड आहे तिथे थंड होताना आत ओढलं जातं आणि पृष्ठभागावर उथळ खड्डा पडतो. सपाट चिलखतावर हा खड्डा रंग दिल्यावर आरशासारखा चमकून दिसतो. तिसरी गोष्ट, साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या पिनांच्या गोल खुणा. त्या आतल्या बाजूला असतील तर विसरून जा. हॅचच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, आतल्या अंगावर असतील आणि हॅच उघडी ठेवायची असेल, तर संध्याकाळ गेली म्हणून समजा. ट्रॅकच्या प्रत्येक कडीवर दोन-दोन असतील, तर कड्या मोजा आणि मगच ठरवा.

सगळ्यांत वाईट म्हणजे साच्याचे दोन अर्धे एकमेकांपासून सरकलेले असणं. नळीचा किंवा दांड्याचा गोल काप मग दोन अर्धचंद्र खांद्याला खांदा न लावता उभे राहिल्यासारखा दिसतो. तो घासून गोल करता येतो, पण बारीक होतो.

जुळणी तपासायची तर चिकटवावं लागणार ना?

उलट. चिकटवण्याआधीच ती कळते, नंतर फक्त पश्चात्ताप होतो.

धडाचा वरचा आणि खालचा भाग फ्रेमवरून कापा, जोडाची जागा साफ करा, आणि दोन रबरबँडनी बांधा. खोलीतला दिवा घालवा. टरेटच्या गोल भोकातून मोबाईलचा टॉर्च आत सोडा. जिथे जिथे जोड बसत नाही तिथे उजेडाची रेघ बाहेर येते. कागदाइतकी बारीक रेघ चिंतेची नाही, प्लास्टिकच्या सिमेंटने ती बुजते, कारण हे सिमेंट पॉलिस्टायरिन वितळवूनच जोडतं. पण पुढच्या टोकाला बोट घातल्यासारखी फट आणि मागे घट्ट, असं दिसलं तर धड पिळलेलं आहे. अशा वेळी गरम पाण्यात धरून हळूहळू सरळ करता येतं. उकळतं पाणी नको, तो प्रयोग मी करून बसलोय. माझ्या हातात रणगाडा नाही, पापड आला.

चाकांचं एवढं काय? ती तर ट्रॅकच्या आत लपतात.

लपत नाहीत, आणि रणगाडा उभा त्यांच्यावरच राहतो.

एका टी-३४ला मी दहाही आर्म, म्हणजे चाकं धडाला धरणारे दांडे, एका बसणीत चिकटवले. खाचा सैल होत्या, पण मला वाटलं वाळता वाळता बसतील. दुसऱ्या दिवशी मॉडेल टेबलावर ठेवलं तर डावीकडचं तिसरं चाक जमिनीपासून चांगलं एक मिलिमीटर वर. खऱ्या रणगाड्यात साडेतीन सेंटिमीटर हवेत तरंगणारं चाक. दोष निम्मा सैल खाचांचा, निम्मा माझ्या घाईचा.

तेव्हापासून आर्म सुके बसवून धड काचेच्या तुकड्यावर ठेवतो आणि प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघतो. पट्टी अडकली पाहिजे. आर्मला एकच योग्य कोन मिळावा अशी चौकोनी खाच किटने दिली असेल, तर त्या किटला माझ्याकडून मोठे गुण. नुसता गोल दांडा आणि गोल भोक असेल, तर साचा बनवणाऱ्याने ती जबाबदारी तुमच्यावर ढकललीय.

जागाही बघा. टी-३४च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकांमधली फट बाकीच्या फटींपेक्षा मोठी आहे. पाचही चाकं समान अंतरावर आली असतील, तर पुढचे प्रश्न वाचायची गरज नाही.

रबरी ट्रॅक, तुकड्यातुकड्यांचे, की एकेक कडी?

रणगाड्यावर अवलंबून.

टी-३४ला वरून ट्रॅक पेलणारे छोटे रोलर नाहीत. ट्रॅक सरळ मोठ्या चाकांच्या डोक्यावर पडतो आणि दोन चाकांमध्ये झोळीसारखा लोंबतो. हा झोळ हीच त्याची ओळख. कडक रबरी ट्रॅक इथे ताणलेल्या पट्ट्यासारखा सरळ उभा राहतो आणि मॉडेल खेळणं वाटायला लागतं. लांब सरळ तुकडे आणि वळणावर सुट्या कड्या असा प्रकार असेल, आणि वरच्या तुकड्यात झोळ साच्यातच ओतलेला असेल, तर तो मला सगळ्यांत आवडतो. एकेक कडी जोडण्यात सुख आहे हे मान्य, पण दोन्ही बाजूंच्या मिळून १४४ कड्या झाल्यावर ते सुख कुठे जातं, ते करून बघा. शर्मनचा ट्रॅक रबरी ठोकळ्यांचा आणि वर आधाराचे रोलर असलेला, त्यामुळे तिथे चांगला रबरी ट्रॅक खपून जातो.

टी-३४च्या कड्यांमध्ये आणखी एक गोष्ट बघा. ५०० मिमीच्या ट्रॅकमध्ये एक कडी शिंगवाली, पुढची सपाट, मग पुन्हा शिंगवाली. एका बाजूला ७२, म्हणजे ३६ अशा आणि ३६ तशा. मागच्या चालक चाकाला बाहेर दाते नसतात. त्याच्या दोन तबकड्यांमध्ये सहा रोलर असतात आणि ते ही शिंगं पकडून ट्रॅक ओढतात. सगळ्याच कड्यांना शिंग दिलेलं किट मी बघितलंय. तो रणगाडा कारखान्याच्या दाराबाहेरही गेला नसता.

आणि रबरी ट्रॅक वापरणारच असाल तर चाकं नुसत्या प्लास्टिकची ठेवू नका. मऊ व्हिनाइलमधलं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरिनला खातं. माझं एक मॉडेल काही वर्षं कपाटात होतं. ट्रॅक काढायला गेलो तर तो चाकांमध्ये रुतून बसलेला, जणू चाकं लोण्याची होती. प्रायमर आणि रंगाचा नीट थर मध्ये असला तर धोका बराच कमी होतो.

चिलखताचा पृष्ठभाग खडबडीत आहे. ही साच्याची चूक का?

बहुधा ती गंमत आहे, चूक नव्हे. ओतीव टरेट खडबडीतच असतो, आणि युद्धातल्या टी-३४वर वेल्डिंगही ओबडधोबड असतं. शर्मनमध्ये एम४ए१चं धड ओतीव, गोलसर, तर एम४ए३चं पत्रे वेल्ड केलेलं, त्यामुळे एकाच घराण्यात दोन वेगळे पोत लागतात.

मात्र खडबडीतपणा कुठे आहे ते बघा. लाटलेल्या पत्र्यावर ओतकामाचा पोत असेल तर चूक. उरलमाशच्या दाबलेल्या टरेटवर असेल तरी चूक. आणि पोत सगळीकडे एकसारखा, मोजून ठिपके मारल्यासारखा असेल, तर तो संगणकावर चिकटवलाय. वाळूच्या साच्यातून आलेलं पोलाद असं शिस्तीत खडबडीत नसतं. चूक नसून पोत फक्त कमी असेल, तर पातळ पुटी ताठ ब्रशने थोपटून दहा मिनिटांत वाढवता येतो. जास्त असेल तर कमी करणं कठीण.

मडगार्ड जाडजूड दिसतात. काय करावं?

हिशेब करा. प्लास्टिक ०.८ मिमी जाड असेल तर खऱ्या रणगाड्यावर तो २८ मिमीचा पत्रा झाला. म्हणजे चिखल अडवणारं चिलखत! चांगली किटं फक्त दिसणारी कड आतून तासून पातळ करतात. किटने केलं नसेल तर तुम्ही करा, कानस आहेच.

किटबरोबर पितळी पत्र्याचे कोरीव भाग आणि धातूची नळी आहे. जमेची बाजू?

इंजिनावरच्या जाळीसाठी पितळ, हो. प्लास्टिकमध्ये आरपार जाळी होत नाही. बाकी पट्ट्या, क्लिपा, कंस यांच्यासाठी पितळ म्हणजे सुपरग्लूने बोटं चिकटवण्याची सोय. धातूच्या नळीचं महत्त्व आता ओसरलंय. सरकत्या साच्यामुळे तोंड पोकळ असलेली अखंड प्लास्टिकची नळी सहज मिळते. नळी दोन उभ्या अर्ध्यांत येत असेल तरच धातूचा विचार करा.

टी-३४वर स्वार होणाऱ्या पायदळासाठी धडावर आणि टरेटवर पकडायचे दांडे असतात. ते प्लास्टिकचे जाड असतील तर तांब्याची तार वाकवा. कोणत्याही पितळी सेटपेक्षा याने जास्त फरक पडतो.

आतला भाग असलेलं किट घ्यावं का?

आत बघायचं असेल तर. टरेट चिकटवल्यावर त्यातलं नव्वद टक्के तुम्हीच पुन्हा बघणार नाही. शिवाय आतल्या भिंती जराशा जाड झाल्या की बाहेरचे जोड उघडे पडतात, त्यामुळे अशा किटला टॉर्चची परीक्षा दोनदा द्यायला लावा.

डिकल आणि रंगाचे पर्याय कसे पारखावेत?

तारखा जुळवून. ८५ मिमी तोफेचा टी-३४-८५ लढाईत आला १९४४च्या सुरुवातीला. त्याच्यासाठी त्याआधीच्या स्टालिनग्राड किंवा कुर्स्कच्या लढाईची चिन्हं दिली असतील, तर ज्याने ती छापली त्याने दिनदर्शिका बघितलेली नाही. टायगरवर चुंबकी सुरुंगांविरुद्धचा झिमेरिटचा लेप आला १९४३च्या उत्तरार्धात आणि १९४४च्या सप्टेंबरात बंद झाला. त्याआधीच उत्तर आफ्रिकेत लढलेल्या टायगरवर लेप दाखवलेला चालणार नाही.

४बीओ या सोव्हिएत हिरव्या रंगाच्या नेमक्या छटेवरून लोक हमरीतुमरीवर येतात. मी त्या भांडणात नाही. उन्हाने, धुळीने आणि डिझेलने छटा आठवड्यागणिक बदलत असणार. हिवाळ्यातला पांढरा तर बऱ्याचदा हाताने फासलेला धुऊन जाणारा चुना किंवा खडू, त्यामुळे तो एकसारखा छापील पांढरा असणं हीच चूक.

संग्रहालयातल्या खऱ्या रणगाड्याच्या फोटोशी किट ताडून पाहिलं तर चालेल?

चालेल, पण आधी त्या रणगाड्याची कुंडली बघा. अनेक टी-३४-८५ युद्धानंतर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियात बनले. कित्येकांना नंतरच्या दुरुस्तीत नव्या धाटणीची चाकं लागली. असा रणगाडा मोजून बनवलेलं किट त्या रणगाड्याशी प्रामाणिक असतं, १९४४च्या नाही.

इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातला टायगर १३१ एप्रिल १९४३मध्ये ट्युनिशियात पकडला गेला. सुरुवातीच्या टायगरसाठी याच्याहून चांगला साक्षीदार नाही. पण १९४४चा पोलादी चाकांचा टायगर पारखायला त्याचा उपयोग नाही.

१/३५ हा आकडा आला कुठून?

मोटर आणि बॅटरीतून! १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी मॉडेल कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात इतकं धड ठेवलं, आणि ते भरलं साधारण १/३५. बाकी कंपन्या मागून आल्या. जुन्या किटांच्या तळाला आजही स्विचची आणि आसाची भोकं दिसतात. त्यावर नाक मुरडू नका, प्लास्टिकच्या पत्र्याने ती बुजतात.

जुनं, कुणीतरी अर्धवट सोडलेलं किट मिळतंय. घ्यावं?

आधी फ्रेमवरची अक्षरं सूचनापत्राशी ताडा आणि मोकळ्या जागा मोजा. मग धडाच्या पोटावर किंवा आत कोरलेलं वर्ष वाचा. खोकं नवं आणि साचा तीस वर्षांपूर्वीचा, असं सर्रास असतं. पिवळी पडलेली डिकल, तडकलेला रबरी ट्रॅक ही कारणं नाकारायला पुरेशी नाहीत. आधीच्या माणसाने धड चिकटवून ठेवलं असेल आणि ते पिळलेलं असेल, तर मात्र नको. सुटं धड गरम पाण्याने सरळ होतं, चिकटवलेलं होत नाही.